दोन बोटं

इस्लामपुरातल्या बालमंदिराला गावात बहुतेक जण कोंडवाडाच म्हणत. तीन-साडेतीन वर्षांची पोरं तिथे मणी ओवत, पाणी ओतत, लाकडी फळीवरच्या नाड्यांना गाठी मारत बसत. एवढ्यासाठी पगारी बाई कशाला, हे कुणाला उमगत नसे. गोदावरीबाई पूर्वी हसून समजावत. पी हळद आणि हो गोरी असलं काम इथे नाही, म्हणत. पोराची गाठ पोरानंच मारायची, महिना लागला तरी आपण हात लावायचा नाही.

आषाढात त्यांचा मुलगा विनू घटसर्पानं गेला. तोही याच वर्गात होता. सुतक फिटलं तशा बाई कामावर आल्या आणि सगळं वेळच्या वेळी होऊ लागलं. मणी मांडले जात, नाकं पुसली जात. बाईंना काहीच वाटत नव्हतं. दुःखसुद्धा नाही, आणि त्याचीच त्यांना लाज वाटे. एक काम तेवढं बंद पडलं होतं. दर महिन्याला त्या पोरांना दाराच्या चौकटीशी उभं करून उंचीची रेघ ओढत. अक्षर कुणाला येतंय, म्हणून रेघेशेजारी प्रत्येकाचं चित्र. जोतीरामचा बैल, हरणा नावाच्या पोरीचा पोपट, विनूचा पतंग. रेघा ज्येष्ठात थांबल्या होत्या. त्या दारातून बाई रोज येत-जात, नजर उंबऱ्यावर ठेवून.

कार्तिकातल्या एका सकाळी जोतीरामची आई बनुबाई लांब पांढरा दोरा घेऊन आली. तिचा नवरा नाथाजी पलटणीबरोबर इटलीच्या लढाईवर होता. पोराला त्यानं पाळण्यात बघितलं होतं, तेवढंच.

"बाई, लेकराचं माप पायजे," ती म्हणाली. "पोरगं केवढं झालंय त्येचा दोरा धाड, असा ह्यांचा सांगावा आलाय. पलटणीतला सिद्धू रजा संपवून आजच्या मोटारीनं निघालाय."

"घरीच घ्यायचं होतं."

"आईनं माप घेतलं तर दिष्ट लागती. आन् मापावर दोरा तोडायचा न्हाई, गाठ मारायची. तुमीच घ्या. तुमचा हात..." तुमचा हात चांगला, असं ती म्हणणार होती. विनू आठवला आणि तिची जीभ अडली.

मला जमणार नाही, हे बाईंच्या ओठावर आलं होतं. पण माप म्हणताच जोतीराम उठला आणि चौकटीला टाचा टेकवून, हनुवटी वर करून उभा राहिला. ज्येष्ठात शिकवलेलं सगळं त्याच्या ध्यानात होतं.

बाई खाली बसल्या. दोऱ्याचं टोक त्याच्या टाचेखाली दिलं, डोक्यावर तळवा ठेवला, दोरा मापावर चिमटीत धरला. दुसऱ्या हातानं गाठ मारायला गेल्या. दोरा दोनदा निसटला.

"मी," जोतीराम म्हणाला.

बाईंची चिमूट मापावर तशीच होती. जीभ बाहेर काढून त्यानं वेढा घातला. सुटला. पुन्हा घातला. सुटला. मोटारीचा भोंगा वाजला.

"द्या हिकडं, मी मारती."

"हात लावू नका." आपला आवाज ऐकून बाईच दचकल्या. चार महिन्यांत त्यांना काही हवंसं वाटलं नव्हतं.

"आवं, मोटार जाईल की. परत कवा गावायचा मानूस?"

"एवढी एक वेळ मारू दे त्याला," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी गाठ आवळली. बाईंनी ओढून पाहिली. बसली होती. बनुबाई दोरा पदरात धरून पळाली, वहाणा दारातच विसरून.

जोतीराम मात्र जागचा हलेना. रेघ राहिली होती.

बाईंनी पेन्सिल आणली, रेघ ओढली, बैल काढला. मग त्यांची नजर खाली गेली. ज्येष्ठात बैल आणि पतंग एकाच रेघेवर होते. दोघंही मीच मोठा म्हणून भांडले होते. आजची रेघ तिच्यापेक्षा वर होती. मधल्या जागेवर बाईंनी बोटं ठेवून पाहिली. बरोबर दोन मावली.

विनू आज एवढा वाढला असता. मुंग्या आलेल्या पायात रक्त फिरावं तशी कळ छातीत शिरली. रडू आलं नाही, पण दुखलं, आणि दुखतंय हे त्यांना कळलं.

"पतंगाची रेघ?" जोतीरामनं विचारलं.

"ती तेवढीच राहणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मापासाठी हरणाला हाक मारली.