घडीखालची ओळ

ताई कामावरून आली तेव्हा बारक्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून गळा खाजवत होता. समोर ताटलीत भाजलेल्या ब्रेडचा अर्धा तुकडा, त्यावर वितळलेलं चीज. ओट्यावर निळा पुठ्ठ्याचा डबा. ताईने डबा ओळखला. हातातली पिशवी कधी खाली पडली ते तिला कळलंच नाही.

तो डबा या घरात येणं शक्यच नव्हतं. ते चीज काजूचं होतं, तिच्याच कारखान्यातलं, आणि तिच्या धाकट्या भावाला काजू म्हणजे विष. लहानपणी एकदा तो त्यापायी मरता मरता वाचला होता. तेव्हापासून आईने काजूला उंबरा ओलांडू दिला नव्हता. बाहेर बारक्या प्रत्येक वेटरचं डोकं खायचा. घरी मात्र समोर येईल ते न विचारता खायचा.

दुपारी कंपनीचा ड्रायव्हर डबा देऊन गेल्याचं आईने सांगितलं. नवीन माल निघाला म्हणून सगळ्या स्टाफला घरपोच भेट. "मी वाचून बघितलं गं," ती म्हणाली. "चष्मा लावून."

बारक्याचे ओठ सुजू लागले होते. ताईच्या कंपनीने आपल्याला संपवायचा घाट घातलाय असं काहीतरी तो म्हणू पाहत होता, पण आवाज घोगरा होऊन अडकला. ताईने त्याच्या बॅगेतलं इंजेक्शन काढून पॅन्टवरूनच मांडीत टोचलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, त्याला भिंतीला टेकवून पाय लांब करून बसवलं. हात न चुकता चालत होते. डोकं मात्र त्या डब्यापाशीच थांबलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं, पण रात्रभर ठेवून घ्यायला हवं होतं. बाहेरच्या बाकावर आईने पर्समधून रिकामा डबा काढला.

"दाखव. कुठे लिहिलंय काजू?"

पुढे ठळक अक्षरांत 'चीज', शेजारी हिरवं पान. खाली ती ओळ असायला हवी होती: काजूपासून बनवलेले, दूध नसलेले. मग घटकांची यादी. ताईला ती पाठ होती, कारण लेबल तपासणं तिचंच काम. 'काजू' हा शब्द 'चीज'एवढाच मोठा, त्याला लागूनच हवा, असं ती बैठकीत म्हणाली होती. त्यावर विक्रीप्रमुखाने, मॅडमच्या घरी जेवायच्या आधी भिंग वाटतात का, असं विचारलं. सगळे हसले. मग तिने छापील नमुना टेबलावर सपाट पसरला, दिव्याखाली मोजपट्टी लावून अक्षरांची उंची मोजली. नियमात बसत होती. तिने सही केली.

आता तिने डबा फिरवला. पुढून, मागून, बाजूंनी. ओळ कुठेच नव्हती.

तिने तळाशी दुमडून चिकटवलेली पुठ्ठ्याची पट्टी नखाने उचकटली. गोंद फाटत गेला आणि आत ओळ दिसली, स्वच्छ, सुबक, तिने मोजली होती तेवढ्याच उंचीची. खाली अख्खी यादी. डबा दुमडला की त्या मजकुरावर बरोबर ती पट्टी बसत होती. कारखान्याच्या प्रयोगशाळेत सगळे सपाट कागदच तपासत आले होते. दुमडलेला डबा कोणी हातात घेतलाच नव्हता. तिनेही नाही.

ती उठली आणि विक्रीप्रमुखाला फोन लावला. सकाळी दुकानांकडे निघणारा माल थांबवायला सांगितलं, कारणही सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला की गाड्या भरून झाल्यात, आणि लेबलवर सही तिचीच आहे.

"माझीच आहे," ताई म्हणाली. "म्हणूनच सांगतेय, गाड्यांतला माल उतरव. नाहीतर सकाळी मी फाटकात उभी असेन."

त्याने तिच्या भावाची तब्येत विचारली, आणि गोदामात फोन करतो म्हणाला.

ती परत आली तेव्हा आईने डबा पूर्ण फाडून मांडीवर सपाट पसरला होता. चष्मा कपाळावर सरकवलेला. त्या ओळीवरून ती बोट फिरवत होती.

"वाचता येतंय की," आई म्हणाली. "चष्म्याशिवायसुद्धा."