उत्तरेकडचा कोबा

मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता आमच्या घराच्या उत्तरेकडचा कोबा यांना घेऊन सात फूट खाली गेला. आवाज झाला नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर रोज जिथं यांचं टक्कल दिसतं तिथं काहीच नव्हतं. दार उघडून वाकले. खाली चौकोनी खड्डा, कडा विळीनं कापल्यासारख्या, तळाशी अख्खाच्या अख्खा कोबा, कोब्यावर प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत हे आणि हातात पेपर. कपातला चहासुद्धा सांडला नव्हता.

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू, भीती नंतर वाटली. अकरा वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, की अहो, कोबा खचतोय, भिंतीपासून सुटलाय, फटीत माझी चार बोटं जातायत, पावसाचं पाणी घराकडं वळतंय. अकरा वर्षं हे म्हणत होते, "हं."

"झालं समाधान?" मी वरून ओरडले. "बसा आता तिथंच!"

यांनी पेपर खाली केला, मान वर केली आणि म्हणाले, "अगं, तू गुडघा वाकवून अशी कडेला बसू नकोस. काल रात्री जिना चढताना तुला कळ आली होती ना? मी ऐकलं होतं."

मी मटकन खालीच बसले.

तुम्हाला आमचं घर माहीत नाही म्हणून सांगते. मी अठ्ठावीस वर्षं बार्शीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. सगळ्या गावाला बोलायला लावलं. संध्याकाळी घरी यायचे, तर नवऱ्याच्या तोंडाला कुलूप. भांडण नाही, व्यसन नाही, माणूस अगदी सालस, पण विचारलं की 'हं', वाढलं की 'हं', मुलगी झाली तेव्हासुद्धा दवाखान्याच्या दारात उभे राहून 'हं'. आणि आता सात फुटांवरून माझ्या गुडघ्याची चौकशी!

"अहो, परत बोला," मी म्हणाले.

"काय बोलू? चहात आज आलं जास्त झालंय. छान झालाय पण."

मला हसू फुटलं. एकटीच खड्ड्याच्या कडेला बसून हसत होते.

मग मी पदर खोचला आणि शिडी आणली. शिडी दोन पायऱ्यांनी कमी पडली. कुंपणापलीकडच्या लोखंड्यांकडून त्यांची लांब शिडी आणली, ती आमच्या शिडीच्या दुप्पट, तीही दोन पायऱ्यांनीच कमी पडली. दोन्ही शिड्या एकमेकींना बांधल्या, तरी दोन पायऱ्या कमी. दोर सोडला, तर तो यांच्या बोटांच्या वर वीतभर थांबला. मी म्हटलं जाऊ दे, आणि दोर वर ओढून घेतला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की कोबा अजून खाली चाललाय. तासाला वीतभर. आणि खड्डा अरुंद होतोय. आमची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पाणी प्याली की फुगते. आता ती पाणी न पिताच फुगत होती. सकाळी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी माणूस चालेल एवढी जागा होती. दहा वाजता यांनी हात पसरले, तर दोन्ही तळवे मातीला टेकले.

मी अंबादास मिस्त्रींना फोन केला.

अंबादास मिस्त्री म्हणजे हा कोबा ज्यांनी घातला तेच. आता सत्तरीचे आहेत, पण हात अजून थरथरत नाही. सायकलवरून आले, खड्ड्यात डोकावले आणि टोपी मागं सरकवली.

"राम राम साहेब!"

"राम राम मिस्त्री! तुमच्या सुनेला बरं आहे का आता?" खालून आवाज आला.

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागले. "वहिनी, ह्ये साहेबच हायेत न्हवं?"

"तेच आहेत. आता सांगा, कोबा वर कसा घ्यायचा?"

"त्यात काय. कोब्याला भोकं पाडायची, नळी लावायची, सिमेंटचा पातळ घोळ हातपंपाच्या दाबानं खाली सोडायचा. घोळ भरला की कोबा आपसूक वर येतो. गेल्या साली डॉक्टरांच्या अंगणात केलं." मग ते जरा हळू बोलले. "वहिनी, तवाच म्हनलं हुतं मी. भर टाकलीय, आठ दिस धुमसानं ठोकू द्या, माती बसू द्या."

म्हणाले होते. मीच ऐकलं नव्हतं. अक्षय्य तृतीयेची वास्तुशांत, पत्रिका वाटून झालेल्या, भटजी ठरलेले. मातीसाठी मुहूर्त घालवू का, असं मीच म्हणाले होते. मिस्त्रींनी भुसभुशीत भरीवरच कोबा ओतला. हे तेव्हा दौऱ्यावर होते. मी यांना कधी सांगितलं नाही.

"मला माहीत आहे ते," हे खालून म्हणाले. "पहिल्याच वर्षी मला कळलं होतं. तू एवढी खुशीत होतीस, मग कशाला बोलायचं?"

मिस्त्रींनी आणि मी एकमेकांकडं बघितलं नाही. त्यांनी वरूनच लांब पहारेनं कोब्याला भोकं पाडून घोळाची नळी सोडली, मी पंपाचा दांडा धरला.

आता कोबा किती वर आला हे कळायला मिस्त्रींकडं पाण्याची नळी असते. साधी पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक इकडं धरायचं, दुसरं तिकडं, दोन्हीकडं पाणी एका पातळीत उभं राहतं. दोन माणसं लागतात. एकानं खूण बघायची आणि पातळी जुळली की ओरडायचं, "बास!" मिस्त्रींनी एक टोक उंबऱ्याला धरलं आणि दुसरं खाली सोडलं. आश्चर्य म्हणजे ते बरोबर यांच्या हातात पोचलं.

"साहेब, घट्ट धरा!"

मी पंप मारायला लागले. काय सांगू, अंगात नुसता उत्साह संचारला होता! बासष्टाव्या वर्षी मी माझ्या नवऱ्याला जमिनीतून पंपानं वर काढत होते. कोबा हलला. एक वीत, दोन विती. मिस्त्री नळीत बघून म्हणत होते, "पानी हललंच न्हाई वहिनी, मारा अजून." मी मारत राहिले. लोखंडे कुंपणावरून टाळ्या वाजवायला लागले.

"अहो, येताय ना वर?"

"हो, येतोय. तू जरा दम खा."

"येताय ना?"

"येतोय."

"अहो!"

"हं."

माझे हात थांबले. खाली बघितलं तर कोबा तीन फुटांवर आला होता. पंप ज्या वेगानं चालला होता त्या मानानं फारच वर. हे समोर बघत होते, आणि नळीच्या तोंडावर यांचा अंगठा होता.

"साहेब, अंगठा!" मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "तोंड दाबून धरलं तर पानी पातळी दावंल का? काडा तो अंगठा!"

यांनी अंगठा काढला. पाणी सरकन खाली गेलं.

"अहो, अंगठा का धरला होता?"

"हं."

"गुडघा दुखतोय माझा."

"हं."

मी पंप सोडून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, थांबवा. काही करू नका." ओला घोळ बसायला लागला तसा कोबा पुन्हा खाली जाऊ लागला. चार फूट. पाच. मी श्वास रोखून बघत होते. सहा फुटांवर यांनी वर बघितलं.

"अगं, पाणी सांडेल म्हणून धरला होता अंगठा," हे म्हणाले. "तू बहिणीच्या लग्नातली ती मोरपंखी साडी टाकून दिलीस का? बऱ्याच दिवसांत दिसली नाही."

मी खड्ड्याच्या कडेला पालथी पडले आणि रडले. आनंदानं रडले, सांगते ना. मी म्हणाले, ती साडी ट्रंकेत आहे. मग हे म्हणाले ती एकदा नेस. मग आम्ही तासभर बोललो. मुलीचं नाव यांना वेगळं ठेवायचं होतं. माझ्या हातची शेपूची भाजी यांना मुळीच आवडत नाही, आणि बत्तीस वर्षं यांनी ती खाल्ली. मी म्हणाले, मग सांगायचं होतंत! हे म्हणाले, "वर शब्द सापडत नाहीत गं. इथं मातीत पडलेलेच असतात, नुसते उचलायचे."

मिस्त्री भाकरी खाऊन आले. त्यांनी खड्ड्यात बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तासाला वीतभर कसली, कोबा दहा फुटांवर गेला होता. यांची खुर्ची दोन्हीकडून मातीत रुतली होती, कोपर अंगाशी घ्यावे लागले होते.

"वहिनी, चार वाजेपतूर माती मिटती. आताच्या आता वर घेऊया."

"वर घेतलं की बोलणं बंद होतं, मिस्त्री."

"व्हय, बघितलं मी."

"मग?"

"मग काय. मुका नवरा की गाडलेला, तुमीच ठरवा."

एवढं स्पष्ट मला आजवर कुणी बोललं नव्हतं. मी उठले आणि घराभोवती एक फेरी मारली. घर म्हणजे तीन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर टाकी. बत्तीस वर्षं मी हे घर झाडलं, पुसलं, रंगवलं. ते जिथं उभं होतं तिथंच का उभं असावं, याचं एकही कारण मला सुचेना. मला एकदम हुरूप आला. मी धावत परत आले.

"मिस्त्री, कोबा राहू द्या. घर खाली घ्या."

मिस्त्रींनी कान खाजवला. त्यांना नवल वाटलं नाही, ते फक्त हिशेबात पडले. "घर खाली घ्यायचं काय अवघड न्हाई. चार कोपरे मोकळे करायचे. आपल्या वजनानं जातंय. आनि साहेबांच्या बाजूला घराची भिंत आली की तिकडनं माती मिटायची न्हाई."

"मग करा ना!"

"पन एक हाय," मिस्त्री म्हणाले. "साहेब बोलत्यात ते खाली हायेत म्हनून, का तुमच्यापरीस खाली हायेत म्हनून? तुमी शेजारी जाऊन बसल्यावर बोलतील का, ते मला सांगता यायचं न्हाई. आनि घर एकदा गेलं की वर येत न्हाई."

मी खाली वाकून विचारलं, "अहो, ऐकलंत का?"

"ऐकलं," हे म्हणाले. माती यांच्या खांद्याला लागली होती. "मलाही माहीत नाही गं. पण तू ये."

तू ये! मला या माणसानं कधी कुठं बोलावलं नव्हतं.

मी गॅस बंद केला. दूध फ्रीजमध्ये ठेवलं. लोखंड्यांना सांगितलं, की कपडे वाळवायची तार सोडून घ्या, नाहीतर तुमचा खांब येईल आमच्याबरोबर. मुलीला फोन केला, "आम्ही दोघं जरा खाली जातोय." ती म्हणाली, "बरं, पोचलात की कळव." मग ट्रंक उघडून मोरपंखी साडी नेसले. निऱ्या नीट बसेनात, एवढी घाई झाली होती. सहलीच्या दिवशी शाळेत जाताना असं व्हायचं. स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्यावर, नळीचं एक टोक धरून बसले. दुसरं टोक यांच्याकडं होतं. मिस्त्री वर कडेला, कोपरे मोकळे करायला.

"वहिनी, उंबरा आनि कोबा बरूबर झाला की तुमी 'बास' म्हना. मी पाचर मारतो. तुमी म्हनल्याबिगर मी थांबवनार न्हाई."

"अहो, अंगठा काढा!" मी ओरडले.

"काढलाय!" यांचा आवाज आला, आणि हे हसले. यांचं हसू मी ऐकलेलं नव्हतं.

घर निघालं. भांडी एकदाच वाजली आणि गप्प झाली. समोर पेरूच्या झाडाची मुळं वर सरकली, मग पिवळा मुरूम, मग काळी ओली माती. मिस्त्रींची सायकल आभाळाला टेकल्यासारखी दिसली आणि नाहीशी झाली. गार वास आला. मला यांचं टक्कल दिसलं, मग कपाळ, मग चष्मा.

"साडी नेसलीस," हे म्हणाले. मी अजून हातभर वर होते.

"बोला की! बोलत राहा!"

"तुझ्या केसांना..." हे म्हणाले, आणि थांबले. शब्द शोधत होते की शब्दच संपले होते, कळलं नाही. माझ्या टोकातलं पाणी खुणेकडं चढत होतं. चार बोटं. दोन. वरून मिस्त्रींचा लांबून आवाज आला, "वहिनी, म्हना!"

पाणी खुणेवर आलं. उंबरा आणि कोबा एक झाला. हे माझ्यासमोर होते, पहिल्यांदाच अगदी नाकासमोर, ओठ विलग झालेले. मला 'बास' म्हणायचं होतं. पण यांच्या आधी मी बोलले, तर हे बोलणार होते का, ते मला कधीच कळलं नसतं. मी ओठ मिटून घेतले आणि यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

घर अजून एक बोट खाली गेलं.