कांतानं न चोरलेलं पदक

मी एक पदक बोलतोय. लाल मिन्याचा पाचकोनी तारा, मधोमध बंदूक घेतलेला शिपाई. चांदीचा आहे मी, पण मला मिळवायला एका माणसाचा उजवा हात गेला.

त्याचं नाव टिमोफेय. दुसऱ्या महायुद्धात जखमी सोबत्याला फरफटत मागं आणताना या सोव्हिएत सैनिकाचा हात कोपरापासून तुटला. दवाखान्यात मला त्याच्या सदऱ्यावर लावलं. त्यानं डाव्या हातानं मला चाचपलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढं आयुष्यभर त्यानं मला बटणांच्या डब्यात ठेवलं.

त्याची नात लारिसा मला बहरीनला घेऊन आली. तिथल्या अमवाज बेटावरच्या व्हिलात काचेच्या कपाटात, मखमलीवर. पाहुणे आले की आजोबांच्या शौर्याची गोष्ट ठरलेली.

मला पुसायची कांता. फलटणकडची. तिचा नवरा लहू त्याच घरी ड्रायव्हर. मिन्याला चरा जाऊ नये म्हणून कांता मला बोटावर ओढणीचं टोक गुंडाळून पुसे. इतक्या हळू मला कुणीच हाताळलं नव्हतं.

मे महिन्यात लारिसा मला कोटावर लावून झल्लाकच्या हॉटेलात मेजवानीला गेली. परतताना माझ्या मागचा पेच सैल झाला. तिनं गाडीतच मला काढून पर्समध्ये टाकलं. लहूनं ते आरशात पाहिलं. पर्सचं अस्तर उसवलं होतं. मी आत घसरलो.

तीन दिवसांनी कपाट रिकामं दिसलं. आपण मला परत ठेवलं होतं असंच लारिसाला वाटत होतं, आणि कांतावर आळ आला.

"मॅडम, पर्समध्ये एकदा..." लहू चाचरत म्हणाला.

"पर्स मी पाहिली. मी खोटं बोलते?"

लारिसानं सांगितलं, कांतानं चोरी कबूल असल्याचं लिहून देऊन गावी जावं, नाहीतर पोलीस. मग दोघांचाही व्हिसा जाईल.

पर्स त्याच खोलीत टांगलेली होती. अस्तराआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"घेतलं म्हण," लहू बायकोला म्हणाला.

"अहो, पोरीची शपथ, म्या न्हाई घेतलं."

"मला ठावं हाय. पर दोघंबी गेलो तर पोरीचं शिक्षान बुडंल. सही कर."

कांतानं सही केली. चौथ्या दिवशी तिला विमानात बसवलं.

दोन महिन्यांनी पर्स साफ करताना मी लारिसाच्या हाताला लागलो. ती पांढरीफटक पडली. तिचा नवरा म्हणाला, "कांता गेली. आता बोलून काय? खलास."

दुसऱ्या दिवशी तिनं मला लहूच्या हातात दिलं. "पेच बसवून आण. कुणाला सांगू नकोस."

नईम भागात दुरुस्तीच्या दुकानापुढं गाडी उभी करून लहू मला तळहातावर घेऊन बसला. तेवढ्यात फोन वाजला. कांता होती.

"अहो, सगळ्या गावात बोभाटा झालाय. सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत. सापडलं का ते?"

लहूनं माझ्याकडे पाहिलं. "न्हाई."

मग ती हळूच म्हणाली, "पुसताना माझ्याच हातनं कुठं पडलं असंल का हो?"

"आसंल," लहू म्हणाला.

आता माझा पेच घट्ट आहे. मी पुन्हा मखमलीवर आहे आणि गोष्ट पुन्हा सांगितली जाते. मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी फलटणकडे जाणार असाल, तर कांताला एवढंच सांगा: बाई, तुझ्या हातून काही पडलं नव्हतं.