भिंतीतलं पाणी

विमानात बसतानाच गुणवंत जोंधळेने स्वतःला बजावलं होतं, तिकडं गेल्यावर पाण्यासाठी कुणापुढं ओंजळ धरायची नाही. पगार, मुलीचं शिक्षण ही लोकांना सांगायची कारणं. आतलं कारण हे. त्याच्या आईने परतूरकडच्या गावात विहिरीच्या काठाला घागर घेऊन अर्धा जन्म काढला, कुणीतरी दया करून वरून पाणी ओतेल म्हणून. कायदा आला, नळ आले, गुणवंत एम.ए. झाला, मास्तर झाला. पण कुणाच्या दारात पाणी मागायची वेळ आली की पाय आपोआप दोन पावलं मागं जायचे. त्या पायांचाच त्याला राग होता.

साल शहाण्णव. सप्टेंबरात दुबईपलीकडच्या रास अल खैमाच्या एका इंडियन शाळेत तो भूगोलाचा मास्तर म्हणून रुजू झाला. शाळेने खोली दिली, ती पुण्याच्या सूर्यकांत सरांबरोबर. माणूस गोड. पहिल्या संध्याकाळी स्वतः चहा केला.

"जोंधळे म्हणजे कुठले तुम्ही?"

"परतूरकडचे."

"अच्छा, अच्छा. आणि गावात घर कुठल्या बाजूला?"

"भीमनगरात."

"वा, वा! टॅलेंटला काय हो, कुठूनही येतं!" सूर्यकांत म्हणाला आणि कप विसळायला उठला. सकाळी ओट्यावर लाल प्लॅस्टिकचा जग आणि एक ग्लास आलेला. "सर, हे तुमचं हं. मला ॲसिडिटी आहे ना, माझ्या बाटल्या फ्रीजमध्ये सेपरेट. मिक्स नको. बाकी नो प्रॉब्लेम."

समुद्र ओलांडला तरी जग आधीच येऊन बसलेला! गुणवंतने तो मुकाट्याने भरून घेतला. नोकरी अजून कच्ची होती, आणि सूर्यकांतची प्रिन्सिपलच्या घरी ऊठबस. गिळलं. पण घशाखाली गेलं नाही.

खोलीत जीव रमेना, म्हणून तो गाव बघत सुटला. आणि गाव असं, की मास्तर स्वतःच्या विषयाच्या नव्याने प्रेमात पडला. वीस वर्षं फळ्यावर आखात काढलं होतं, आता ते पायाशी येऊन खारट वास मारत होतं. एका बाजूला खाडी, तिच्यात गुलाबी पायांचे पक्षी. दुसऱ्या बाजूला झाडाचं पान नसलेले, उघडेवाघडे डोंगर, संध्याकाळी तांब्याच्या भांड्यासारखे चमकणारे. मधे खजुरीच्या बागा. जुन्या गावात समुद्रातल्या दगडांची, पोवळ्यांची घरं. मच्छीबाजारात मल्याळी, पठाण, बलुची, अरब सगळे एकाच माशाभोवती एकाच हिंदीत भांडत होते. कॅफेटेरियासमोर अरब गाडी उभी करून नुसता हॉर्न वाजवी, आणि पोऱ्या चहा घेऊन धावे. हे त्याला आवडलं नाही. हाकेवर धावणारी माणसं त्याने स्वतःच्या गावात पुष्कळ पाहिली होती. पण चालत निघालेल्या माणसाशेजारी अनोळखी गाडी थांबते, आणि "कहां जाता? बैठो" म्हणते, ना जात विचारते ना गाव, हेही त्याने इथंच पाहिलं.

एका शुक्रवारी तो नखील वस्तीच्या पुढे, बागांच्या गल्ल्यांत चुकला. ऊन असं की सावलीसुद्धा भाजत होती. जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात एका घराच्या कंपाउंडच्या भिंतीत, बाहेरच्या अंगाला, स्टीलचा वॉटर कूलर दिसला. दोन नळ, साखळीला बांधलेला पेला, खाली बशीत मांजर पाणी पीत होतं.

मांजर पीत होतं, मास्तर मात्र बघत राहिला. दुसऱ्याच्या भिंतीतलं पाणी. न विचारता घ्यायचं कसं? त्याने दाराची बेल वाजवली. आणि वाजवल्याबरोबर पाय दोन पावलं मागं गेले, कंबर वाकली, हात जुळून त्यांची ओंजळ झाली. बजावणं बोंबललं.

दार उघडलं. म्हातारी बाई, नाकावर मुखवट्यासारखा, सोनेरी चकाकीचा कडक बुरखा, हातात खजुराची टोपली. तिचं नाव कुलसुम, हे नंतर कळलं.

"क्या मांगता?"

"पानी, माँजी."

"पानी बाहर है. दरवाजा काहे को बजाया?"

"पूछने को."

"किसको पूछने को? मेरा आदमी दरिया में जाता था. सब तरफ पानी, पीने को नहीं. वो मर गया, ये उसके नाम का पानी. तुम पीता, उसको पहुंचता. तुम पूछता, तो मैं मालिक बनता. मैं मालिक नहीं. यल्ला, पियो!"

गुणवंतने पेला भरला. सवयीने वर धरला, आ वासून धार सोडली. निम्मं पाणी शर्टात. कुलसुम एवढी हसली की टोपलीतले खजूर सांडले.

"अरे, ऊंट भी मुंह लगाता!"

त्याने पेल्याला ओठ लावले. गटागटा प्यायला. पेला खाली ठेवला, तसा म्हातारीने तोच उचलला, विसळला नाही, भरला आणि बुरखा जरासा उचलून स्वतः प्यायली. "गरम है आज," म्हणाली, त्याच्या खिशात खजूर कोंबले आणि दार लावून घेतलं.

संपलं. कुणी भाषण केलं नाही, समतेवर टाळ्या नाहीत. अडाणी बाई उष्ट्या पेल्यातलं पाणी प्यायली आणि कामाला लागली. गुणवंत त्या गल्लीत मांजरापाशी उभा राहून रडला. मग शिव्या दिल्या. कुणाला, ते जाऊ द्या.

खोलीवर आल्यावर त्याने लाल जग उचलला, घासला, भरला, बर्फ टाकला आणि ग्लाससकट फाटकाच्या खांबावर नेऊन ठेवला.

"अहो सर, तो तुमचा आहे ना?" सूर्यकांत मागून.

"आता नाही. येईल जाईल त्याचा."

"मग तुम्ही कशातून पिणार?"

गुणवंतने फ्रीज उघडला. सूर्यकांतची बाटली काढली, तोंड लावून प्यायला, बूच लावलं आणि जागच्या जागी ठेवली. "ह्यातून. ॲसिडिटी चिकटत नाही सर, मी सायन्सवाल्यांना विचारीन हवं तर."

सूर्यकांतचा चेहरा पिठासारखा झाला. त्याने बाटली उचलली आणि बेसिनमध्ये ओतली. शेवटच्या थेंबापर्यंत, गुणवंतच्या देखत. "प्रिन्सिपल सरांशी बोलावं लागेल मला."

"बोला. काय सांगणार, तेवढं आधी मला म्हणून दाखवा."

सूर्यकांतने नळ सोडला आणि रिकामी बाटली विसळायला घेतली.

गुणवंत खिडकीशी खजूर खात बसला. समोरच्या बांधकामावरचा एक पठाण फाटकाशी थांबला, ग्लास भरून प्यायला, आणखी एकदा प्यायला, मिशा पुसल्या आणि चालू लागला.

बेल काही वाजली नाही.