रेकॉर्डची टोपली

फोन कुंदाने उचलला, कारण धम्मपाल मास्तरांना आता फोनवरचं काही ऐकू येत नव्हतं. पलीकडे अंधेरीच्या रेकॉर्डच्या दुकानातला यज्ञेश होता.

"मावशी, मास्तरांना सांगा, मिळाली. त्यांच्या पानावरची पहिली ओळ."

"कसली ओळ रे?"

"त्यांना बरोबर कळेल."

मास्तर खिडकीशी बसून कानातल्या मशीनची बॅटरी बदलत होते. कुंदाने त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काठी घेऊन तसेच निघाले असते, आणि मागच्याच महिन्यात ते जिन्यात पडले होते. शिवाय डॉक्टर म्हणाले होते, डावा कान गेलाच आहे, उजव्यात थोडं उरलंय, तेही फार दिवसांचं नाही. जे आणायचं ते लवकर आणलेलं बरं, असं तिच्या मनात आलं. "लेकीकडे, दर्शनाकडे जाऊन येते," असं त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून ती घाटकोपरहून मेट्रोत बसली.

पन्नास वर्षांच्या संसारात त्या दुकानात ती एकदाही गेली नव्हती. मास्तर दिवसा कारखान्यात आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. महिन्यातून एका रविवारी अंधेरीला जाऊन, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी जॅझची रेकॉर्ड घेऊन यायचे. मग दुपारभर तिच्यातली सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा लावायची, क्लॅरिनेटवर बसवायची, आणि पुढच्या वरातीत दोन गाण्यांच्या मध्ये हळूच घुसवायची. वरातीतल्या कुणाला पत्ता लागत नसे. घोड्यावरच्या नवऱ्यालाही नाही. कुंदाला मात्र स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं.

दुकान पिठाच्या गिरणीला लागून होतं. आत शिरल्यावर पिठाचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा एकत्र वास आला. यज्ञेश पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने तिला स्टूल दिलं आणि लांबट वही काढली.

"ही बाबांच्या वेळची. ज्याला जी रेकॉर्ड हवी ती त्याच्या पानावर लिहायची. मिळाली की खोडायची. हे बघा मास्तरांचं पान."

पान भरलेलं होतं. एकेक ओळ खोडलेली. सर्वांत वरची तेवढी मोकळी होती. तिच्यापुढे बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'स्वतःची होती. रिक्षात विसरले. फेब्रुवारी ८७.'

"या रेकॉर्डसाठी ते दर महिन्याला विचारायचे. दहिसरला एका म्हाताऱ्याचं घर रिकामं होत होतं, तिथे सापडली." यज्ञेशने पाकिटातून ती अर्धी बाहेर काढली. निळं लेबल, त्यावर एका पायावर उभा पांढरा बगळा.

कुंदाने तो बगळा ओळखला. सदतीस वर्षं ती रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसत होती.

वस्तीतल्या महिला मंडळाने तेव्हा टाकाऊतून टिकाऊचा वर्ग काढला होता. जुनी रेकॉर्ड उकळत्या पाण्यात धरायची, मऊ झाली की पातेल्यावर पालथी घालून कडा चिमटीने मुडपायच्या, की झाली कमळासारखी टोपली. मास्तर बँडबरोबर नाशिककडे गेले होते. कुंदाने कपाट उघडून पाहिलं. सगळ्या रेकॉर्ड पाकिटांत नीट उभ्या, एकच बिनपाकिटाची, वर्तमानपत्रात. जिला पाकीटही नाही ती कामातून गेलेलीच असणार, असं समजून तिने ती घेतली. पाकीट हाताळून हाताळून फाटलं असेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. प्रदर्शनात तिच्या टोपलीचा पहिला नंबर आला.

मास्तर परत आले तेव्हा तिने ती त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी ती फिरवून पाहिली, तळाशी जरा जास्त वेळ. मग म्हणाले, "छान झाल्येय. कडा अगदी सारख्या आल्यात." आणि खिशातल्या चाव्या तिच्यात ठेवल्या. तेव्हापासून घरच्या चाव्या तिथेच.

"काय झालं, मावशी?" यज्ञेशने विचारलं.

"रिक्षात नव्हती विसरली," कुंदा म्हणाली. "मी उकळली होती."

तिने सगळं सांगितलं. यज्ञेशने चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर चढवला.

"लहानपणापासून मी त्या रिक्षावाल्याला शिव्या घालतोय," तो शेवटी म्हणाला. "बाबा तर त्याची वाट लागो म्हणत गेले."

ती ओळ त्याने खोडली नाही. पेन तिच्यापुढे केलं. कुंदाने एक सरळ रेघ ओढली.

घरी आली तेव्हा मास्तर तिथेच बसले होते. तिने रेकॉर्ड त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी लेबल पाहिलं. मग मान वळवून शोकेसमधल्या टोपलीकडे पाहिलं.

"दर्शनाकडे होती वाटतं," ते म्हणाले.

कुंदा त्यांच्या उजव्या बाजूला बसली. "ती मी घालवली. तुम्ही दुकानात खोटं सांगितलंत."

"मग काय सांगू? बायकोने शिजवली म्हणून?"

"मला तरी सांगायचं होतंत."

"तू किती खूश होतीस तेव्हा," मास्तर म्हणाले. "आणि कडा खरंच सारख्या आल्या होत्या." मग म्हणाले, "लाव आता. माझा हात कापतो."

तिने आजवर सुई कधी टेकवली नव्हती. ते बोटाने दाखवत गेले, तिने टेकवली. खरखर झाली, मग ढोल सुरू झाले, मग पियानो. मास्तर मान वाकडी करून ऐकत होते. मशीनने शीळ घातली. त्यांनी ते कानातून काढून ठेवलं.

"लागली का?"

तिने मान हलवली.

"मला खालची धमधम तेवढी येतेय." मग त्यांनी काठी दोन्ही हातांत आडवी धरली. "क्लॅरिनेट शिरलं की सांग."

कुंदा कान देऊन ऐकू लागली. सदतीस वर्षांत ती धून तिने ऐकली नव्हती. पण पियानो जरा थांबल्यासारखा झाला आणि तिला कळलं, आता. तिने त्यांच्या मनगटावर बोट टेकवलं.

मास्तरांची बोटं काठीवर हलू लागली. पहिल्या ओळीला ती रेकॉर्डच्या बरोबरच होती. दुसरीला किंचित मागे पडली. पुढे ती आपल्याच चालीने जात राहिली, कुठे थबकत, कुठे तीच जागा पुन्हा घेत, डोळे मिटलेले. रेकॉर्डमधलं क्लॅरिनेट संपलं. मग ढोलही संपले. सुई आतल्या कडेशी नुसतीच फिरू लागली. बोटं चालूच होती. कुंदा त्यांच्याकडे पाहत बसली, जागची हलली नाही.

बऱ्याच वेळाने बोटं थांबली. मास्तरांनी डोळे उघडले.

"शेवट जरा घाईत केलाय त्याने," ते म्हणाले. "तेव्हाही मला असंच वाटायचं."

"हो," कुंदा त्यांच्या कानाशी म्हणाली, आणि उठून तिने सुई उचलली.