पिसांची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी झटकणी आहे. कोंबड्याची पिसं आणि वेताची दांडी, एवढाच माझा जीव. आपली गोष्ट कुणी छाती फुगवून सांगतं. मला मात्र ती मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे.

माझा जन्म जावा बेटावरच्या सालातिगा गावाबाहेर झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने एकेक पीस निवडून दोऱ्याने दांडीला बांधलं. "हिच्यापुढे धूळ टिकायची नाही," असं तो म्हणाला तेव्हा मी हुरळून गेले. तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या रात्मीबाईंनी मला घरी नेलं. त्यांचा नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, त्यामुळे घरी कधीतरीच. सोबतीला लेक सेकार. रात्मीबाईंचं काचेचं कपाट मी असं लख्ख ठेवायचे की शेजारणी म्हणत, "रात्मी, तुझ्या कपाटात बघून वेणी घालावी ग!" हे कौतुक माझंच आहे, असं मी समजून चालले होते.

मग एकदा सेकारच्या हातून नारळाच्या दुधाचं पातेलं उलटलं. रात्मीबाईंनी मला खिळ्यावरून ओढलं आणि उलटं धरलं. पिसं त्यांच्या मुठीत, वेत मोकळा. पुढचं सांगवत नाही. सेकारच्या पोटऱ्यांवर वळ उठले. वेत लवचीक असणं हा माझा गुण होता, त्या दिवशी मला तो नकोसा झाला.

नंतर ते नेहमीचंच झालं. ईदच्या सकाळी तिथल्या रीतीप्रमाणे सेकारने आईपुढे गुडघे टेकले आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागितली. रात्मीबाई रडल्या, तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. माया खोटी नव्हती हो. पण मी वर खिळ्याला लटकून बघत होते. माफी कुणी मागायची आणि मागतंय कोण! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच सुमारास विद्यापीठातल्या वेनिंगताई गल्लीत येऊ लागल्या. घरात मुलांना मार बसला की त्यांच्या मनाचं काय होतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

"मुलीला कधी मारता का?" त्यांनी विचारलं.

"अगंबाई, मारतंय कोण?" रात्मीबाई हसल्या. "मारतो तो पलीकडचा दारुडा, बायकोला. आम्ही आपलं वळण लावतो."

सेकारही म्हणाली, "नाही ताई, मला कुणी मारत नाही."

पोर खोटं बोलत नव्हती. त्या गल्लीत वळण निराळं आणि मार निराळा. घरोघरी हेच उत्तर मिळालं. "किती गुणी गल्ली आहे तुमची!" वेनिंगताई खुशीत म्हणाल्या. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

पण मुलांना खेळू देऊन त्यांचं बोलणं ऐकायचं, अशीही त्यांची एक रीत होती. गल्लीच्या सभागृहात चटया पडल्या. भातुकलीसाठी घराघरांतून वस्तू मागून आणल्या. रात्मीबाईंनी मलाच काढून दिलं. त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. खेळात सेकार आई झाली. तिच्या लुटुपुटूच्या मुलाने लुटुपुटूचा चहा सांडला. सेकारने मला झटकन उचललं, पिसांकडून.

"उलटी धरलीस ग राणी," वेनिंगताई म्हणाल्या. "दांडी इकडे आहे."

"तुम्हालाच माहीत नाही ताई. पिसं आईच्या हातासाठी असतात. मऊ मऊ. म्हणजे तिचा हात दुखत नाही."

बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या. "आमच्याकडची तर हिच्यापेक्षा जाड आहे!" एकाने फुशारकी मारली.

वेनिंगताईंचा चेहरा उतरला. इतके दिवस आपण भलतंच विचारत होतो, हे त्यांना उमगलं. आणि मी? त्या क्षणी मला कुणी चुलीत घातलं असतं तर उपकार झाले असते. लेकीला न्यायला आलेल्या रात्मीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ही कुणाची?" वेनिंगताईंनी मला उचलून हळूच विचारलं.

"माझी नाही," रात्मीबाई म्हणाल्या. सेकार आईच्या तोंडाकडे बघतच राहिली.

कुणीच नेलं नाही, म्हणून मी वेनिंगताईंच्या विद्यापीठातल्या खोलीत येऊन पडले. दुसऱ्या दिवशी रात्मीबाई तिथे आल्या. ओढणीशी चाळा करत म्हणाल्या, "ती झटकणी माझीच आहे. माझ्या आईनेही मला असंच वाढवलं. मी चांगलीच निघाले, असं सगळ्यांना सांगत फिरायचे. आता तिला इथेच राहू दे. घरी असली की हात जातो."

वेनिंगताईंनी उपदेश केला नाही. "बसा," म्हणाल्या. "आणि येत जा." रात्मीबाई येत राहिल्या. घरातला मार थांबला.

पुढे एकदा सेकार त्यांच्याबरोबर आली. मला घेऊन तिने टेबल झटकलं. एक पीस तुटून तिच्या केसांत अडकलं. ते काढायला आईने हात उचलला, तशी सेकार दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसली.

"अगं, पीस काढत होते! आता मारते का मी तुला?"

"नाही मारत ग. मला माहितीये. पण हात आपले वर जातात."

रात्मीबाईंना आपला उचललेला हात कुठे ठेवावा, ते कळेना.

मित्रांनो, धूळ मी चुटकीसरशी झटकते. त्या पोरीचे हात कधी खाली येतील, ते मात्र वेनिंगताईंनाही सांगता येत नाही. म्हणून तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मला दांडीकडूनच धरा. आणि तुम्हाला कुणी वळण लावायचं म्हणून मारत असेल, तर विश्वासाच्या माणसाला जाऊन सांगा. सांगताना वळण म्हणू नका, मारच म्हणा.