पहिली शाखा नापास

"पाकीट फोडायच्या आधी काय बघायचं, ताई?" ट्रेनर मुलीनं विचारलं.

पहिल्या बाकावरची बाई उठून उभी राहिली. साठी उलटलेली, डोक्यावर कागदी टोपी, अंगात कंपनीचा राखाडी एप्रन. मागच्या बाकांवरची सोळा पोरंपोरी विशीतली होती.

"तारीख," ती म्हणाली.

"आणि?"

"पाकीट फुगलंय का ते."

"बरोबर. आणि तुम्ही उभं राहू नका हो."

"असू दे गं. चौथीपर्यंतच शाळेत गेले. सवय मोडायला वेळच मिळाला नाही."

वर्ग हसला. काचेच्या दाराबाहेर उभा असलेला मालक मात्र हसला नाही. ती त्याची थोरली बहीण होती. एकाच नावाची पाटी मिरवणारी त्याची बावीस रेस्टॉरंटं ज्या सुपावर उभी होती, ते सूप तिचं होतं. आणि ते सूप कसं करायचं, हे शिकायला ती आज सहा दिवसांच्या वर्गात येऊन बसली होती.

तो आठव्या महिन्यात जन्मला, तेव्हापासून ताई त्याला 'घाई' म्हणायची. बाकी सगळं जग त्याला सर म्हणत असे.

सुरुवात झाली ती वडिलांच्या आजारपणात. सात महिने ते हॉस्पिटलात पडून होते आणि तिथल्या जेवणाला तोंड लावत नव्हते. मागच्या आवारात रोग्यांच्या नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती. तिथे ताईनं स्टोव्ह मांडला. साधं डाळीचं सूप, त्यात काळपट होईपर्यंत भाजलेला कांदा, उतरवताना लिंबू. मीठ तिनं कधी चमच्यानं मोजलं नाही. वाफेवर नाक धरायची आणि म्हणायची, "अजून थोडं मागतंय." वास वॉर्डापर्यंत गेला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून वाटी घेऊन आली, मग तिच्या मागून आणखी चौघी.

वडील गेले. तिसऱ्या दिवशी ताई राहिलेलं सामान आणायला शेडमध्ये गेली, तर लोक वाट्या घेऊन बसले होते. "आज नाही का?" एकानं विचारलं. तिनं पदर खोचला आणि स्टोव्ह पेटवला.

घाई तेव्हा दुकानोदुकानी औषधं विकत हिंडत होता. त्यानं ती रांग पाहिली. ताईला त्या रांगेत भुकेली माणसं दिसली. त्याला रांग दिसली. हॉस्पिटलच्या दारासमोर त्यानं एक खोली भाड्यानं घेतली आणि चार टेबलं टाकली. त्याला कुणी काही आयतं दिलं नाही, हे मान्य करायला हवं. पोती त्यानं खांद्यावर वाहिली, फरशी स्वतः पुसली, परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. तीन वर्षं तो बाकावर झोपला. ताई चुलीपाशी आणि तो दारात, अशी त्यांची वाटणी होती.

हॉस्पिटलातला कंपाउंडर रोज दुपारी जेवायला यायचा. स्वतःचा चमचा खिशातून काढायचा, जेवून झालं की धुऊन परत ठेवायचा. पोरं त्याला हसायची. एके दिवशी त्यानं ताईला विचारलं, आणि ताई हो म्हणाली.

"करू ना लग्न, धूमधडाक्यात करू," घाई म्हणाला. "फक्त दुसरी शाखा उभी राहू दे. तू नसलीस तर मी कुणाच्या जिवावर उघडू?"

दुसरी उभी राहिली. मग तिसरीचं निघालं. दोन वर्षांनी कंपाउंडर नेहमीसारखा जेवला, चमचा धुतला, म्हणाला, "माझी बदली झालीय. येतो." त्याचं लग्न दुसऱ्या गावच्या मास्तरणीशी ठरल्याचं नंतर कळलं.

"बरं झालं, फार चिकित्सक होता," घाई म्हणाला. ताई पातेलं घासत होती. ते घासून झाल्यावर तिनं शेजारचं घेतलं, ते स्वच्छच होतं.

पुढं शाखा वाढत गेल्या. मध्यवर्ती स्वयंपाकघर आलं, म्हणजे शहराबाहेरचा एक कारखानाच, जिथं सूप पावडर होऊन पाकिटात बसायचं. जाहिरातवाल्यानं सांगितलं, बहीण कुणाच्या मनात घर करत नाही, आजी करते. म्हणून खोक्यांवर छापलं गेलं : 'आजीच्या हातची चव'. घाईनं पहिलं खोकं ताईला नेऊन दाखवलं.

"कोण आजी?" तिनं चष्मा लावून वाचलं. "आपली? तिच्या हातून चहासुद्धा करपायचा."

"अगं, ते म्हणायला असतं."

"हो का? मग म्हणा बापडे."

ती पहिल्या शाखेतच राहिली. बावीस स्वयंपाकघरांपैकी तेवढ्या एकात पाकीट फुटत नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मग नवे भागीदार आले. त्यांनी तपासणी लावली. अनोळखी माणसं गिऱ्हाईक बनून प्रत्येक शाखेत जेवून आली. अहवालात एकवीस शाखा पास झाल्या आणि पहिली नापास. शेरा होता, 'चव ठरलेल्या प्रमाणाशी जुळत नाही. रोज थोडी बदलते.' नापास शाखेच्या मुख्य स्वयंपाक्यानं सहा दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं, असा नियम होता. त्या नियमावर सही घाईचीच होती.

"सर, ताईंना वगळू या ना?" मॅनेजरनं अदबीनं विचारलं होतं.

घाई तेव्हा जिना उतरत होता. "नियम सगळ्यांना सारखा," तो म्हणाला आणि गाडीत बसला. आपण फार न्यायानं वागलो असं त्याला वाटलं. घरी पोचेपर्यंत त्यातलं खरं काय ते त्याला कळून चुकलं होतं. कारखान्याचं सूप चाखल्यावर ताई काही बोलत नसे, नुसता चमचा खाली ठेवत असे. ते चमचा ठेवणं त्याला इतकी वर्षं सलत होतं. एकदा तरी तिनं ते सूप स्वतःच्या हातानं करावं, असं त्याच्या मनात होतं.

ताई भांडेल म्हणून तो तयारीत राहिला होता. ती भांडली नाही. "किती वाजता यायचं?" एवढंच तिनं फोनवर विचारलं.

सहाही दिवस ती कंपनीच्या गाडीनं कारखान्यावरच्या वर्गात वेळेआधी आली. वहीत लिहून घेतलं. पाणी किती, ढवळायचं किती, घंटा वाजली की बंद करायचं. "आणि मीठ गं?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"पाकिटातच असतं, ताई. आपण काही घालायचं नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तेही वहीत लिहिलं.

सहाव्या दिवशी परीक्षा. सतरा जणांनी सूप केलं. ते सतरा पेल्यांतून आलं, पेल्यांच्या बुडाला नावाच्या चिठ्ठ्या. चाखणारे तिघं : ट्रेनर, तपासणीचा साहेब आणि घाई. मालकानं यायची गरज नव्हती, तो हट्टानं आला होता. इतकी वर्षं जे खाल्लं, ते आपल्याला डोळे मिटूनही ओळखता येईल, अशी त्याची खात्री होती. ताई किती झालं तरी ताई. कुठं तरी चोरून लिंबू पिळेल, घंटा वाजल्यावरही दोन मिनिटं ठेवेल. मग आपण सगळ्यांदेखत म्हणू, हा पेला वेगळा आहे, आणि हाच खरा आहे. तिला वर्गातून हाताला धरून बाहेर नेऊ. त्याच्या डोक्यात हे सगळं तयार होतं.

त्यानं पहिला पेला चाखला, दुसरा चाखला. सातव्यापाशी थबकला, पण तो नुसता जास्त गरम होता. सतरावा पेला खाली ठेवून तो पुन्हा पहिल्याकडे वळला, तेव्हा तपासणीचा साहेब कौतुकानं म्हणाला, "वा सर! काय एकसारखं जमलंय! ओळखूच येत नाही."

चिठ्ठ्या उघडल्या. ताईला पैकीच्या पैकी मिळाले होते. वर्गात ती पहिली आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकीनं तिच्या गळ्यात हात टाकला. घाईनं तिला फ्रेममधलं प्रमाणपत्र दिलं. फोटोवाला म्हणाला, "सर, थोडं हसा." ताई हसत होतीच.

माणसं पांगल्यावर तो तिच्याजवळ गेला. "ताई, तू अगदी तंतोतंत केलंस."

"मग? शिकवलं तसं केलं."

"मला वाटलं, तू..."

"आता एक सांगू? पहिल्या शाखेत उद्यापासून दुसरं कुणी ठेव. ती गळ्यात पडलेली मुलगी आहे ना, तिला ठेव. हुशार आहे. मी थांबले आता."

"म्हणजे? रागावलीस?"

"राग कसला रे. इतके दिवस मला वाटायचं, मी गेले तर तिथं कोण करणार? म्हणून कुठं गेले नाही, कुणाबरोबर गेले नाही. आज कळलं, कुणीही करतं. सहा दिवसांत येतं."



सामान जमा करायच्या खिडकीपाशी ती गेली. एप्रनची घडी केली, टोपी वर ठेवली. भांडारपाल यादीवर खुणा करत होता. "बूट पण जमा करायचेत, ताई," तो ओशाळून म्हणाला. तिनं भिंतीला धरून बूट काढले, पिशवीतल्या वहाणा पायांत घातल्या आणि बूट खिडकीत जोडीनं ठेवले. मग त्यानं दाखवलं त्या जागी सही केली.

"अगं, प्रमाणपत्र राहिलं," घाई फ्रेम घेऊन मागून आला.

"शाखेत लाव. गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो."

"गाडीनं सोडतो ना तुला."

"नको. तुला मीटिंग असेल. इथून माझ्या घराकडे कुठली बस जाते रे?"

त्याला माहीत नव्हतं. खिडकीतून भांडारपाल म्हणाला, "बारा नंबर, ताई. समोरून मिळेल. पण गर्दी असते."

"असू दे," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली. थांब्यावर पाळी सुटलेले कामगार बसले होते. त्यांतली एक बाई सरकली आणि तिनं हातानं बाक झटकला. ताई बसली. घाई फाटकाच्या आत फ्रेम धरून उभा होता. ताई त्या बाईला काहीतरी विचारत होती, आणि ती बाई लांबवर हात करून तिला समजावून सांगत होती.